ऑस्ट्रेलिया दिन: साजरा करायचा की पाळायचा?

मेलबर्नला राहणाऱ्या एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. तिथल्या मराठी मंडळींच्या अंकात त्यांना २६ जानेवारीच्या, म्हणजे तिथल्या ऑस्ट्रेलिया दिनाच्या वादावर लिहायचं आहे. हा दिवस दुसऱ्या तारखेला न्या, असं म्हणणाऱ्यांच्या 'चेंज द डेट' या घोषणेचं मराठी त्यांनी 'तारीख बदला' असं केलं आणि मसुदा इकडे सोलापूरला वडिलांना वाचून दाखवला. वडील म्हणाले, "म्हणजे त्यांची तारीख चुकली होती होय?" ताई विचारतात, 'तारीख बदला' चुकीचं आहे का? आणि विरोध करणारे त्या दिवसाला 'इन्व्हेजन डे' म्हणतात, त्याला 'आक्रमण दिन' म्हणावं, की आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे?

'तारीख बदला' हे मराठी म्हणून बरोबर आहे आणि घोषणा म्हणून सुटसुटीतही. पण वडिलांनी जे ऐकलं ते उगाच नाही. 'तारखेचा वाद' म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला पहिली आठवते शिवजयंती. महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ चा, की जेधे शकावलीत आहे तसा फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा, यावर इतिहासकारांनी वर्षानुवर्षं खल केला. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० धरली, तरी तिथीने की तारखेने हा प्रश्न उरलाच, आणि आजही गावोगावी दोन मिरवणुका निघतात. या सगळ्या वादात जयंती करावी की नाही, अशी शंका मात्र कुणाच्याही मनात आलेली नाही. आनंदावर एकमत आहे, भांडण दिवसावरून आहे.

ऑस्ट्रेलियात नेमकं उलटं आहे. तिथे दिवस पक्का आहे, कागदोपत्री नोंदलेला. अकरा जहाजांचा ब्रिटिश ताफा १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून निघाला. जहाजांत शिक्षा झालेले कैदी होते, पहाऱ्याचे सैनिक होते, काहींची बायकामुलं होती. जानेवारी १७८८ मध्ये ताफा बॉटनी बेला पोचला. वस्तीला ती जागा पटली नाही, म्हणून कप्तान आर्थर फिलिप यांनी तो थोडा उत्तरेला पोर्ट जॅक्सनमध्ये आणला आणि २६ जानेवारीला सिडनी कोव्हच्या काठावर ब्रिटिश निशाण रोवलं. ती जमीन गॅडिगल लोकांची होती. यातली एकही गोष्ट कुणी नाकारत नाही. भांडण आहे ते या दिवशी आनंद करावा का, यावरून.

म्हणून मथळ्यात 'ऑस्ट्रेलिया दिनाच्या तारखेचा वाद' असं लिहिलं की मराठी वाचक शिवजयंतीच्या वाटेने जातो आणि भलत्याच ठिकाणी पोचतो. ताई, घोषणा उद्धृत करताना 'तारीख बदला' जरूर लिहा, पण मागणी समजावून सांगताना 'ऑस्ट्रेलिया दिन २६ जानेवारीला नको' असं लिहा. 'नको'मधून जी सल पोचते, ती 'बदला'मधून पोचत नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मसुद्यात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते एक क्रियापद. तुमचं वाक्य असं आहे: 'आदिवासी समाज हा दिवस शोकदिन म्हणून साजरा करतो.' हे मराठीत बसत नाही. साजरा म्हणजे सुंदर. 'दुरून डोंगर साजरे'मधला साजरा तो हाच. दिवस साजरा करायचा म्हणजे तो नटवायचा, देखणा करायचा. दुःखाचा दिवस पाळायचा असतो. सुतक पाळतात, दुखवटा पाळतात, मौन पाळतात, हरताळ पाळतात, गावात कुणी मोठं माणूस गेलं तर बंद पाळतात. वर्तमानपत्रांत अधूनमधून 'मोहरम साजरा' असा मथळा येतो, तोही याच कारणाने कानाला टोचतो.

मात्र मरण आलं की 'पाळणे' असा ठोकताळाही चालत नाही. देहूला तुकाराम बीज होते, पैठणला नाथषष्ठी होते. दोन्ही दिवस संतांच्या जाण्याचे, तरी वारकरी ते उत्सव म्हणून साजरे करतात आणि ते अगदी बरोबर आहे, कारण त्यांच्या लेखी ते वैकुंठगमन आहे. दिवस ज्यांचा, त्यांना त्या दिवशी काय वाटतं, त्यावर क्रियापद ठरतं.

एकाच तारखेला दोन क्रियापदं कशी लागतात हे मराठी माणसाला कुणी परक्याने सांगायची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगावसह मोठा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कर्नाटक त्या तारखेला राज्योत्सव साजरा करतं. त्याच दिवशी, त्याच शहरात मराठी माणसं काळा दिन पाळतात. काळे कपडे, दंडाला काळी फीत, निषेधाची सायकल फेरी. एका रस्त्यावर लाल-पिवळे झेंडे आणि दुसऱ्या रस्त्यावर काळे. तिथे 'काळा दिन साजरा केला' असं कुणी बोलून जाईल, असं मला वाटत नाही. सीमाभागातल्या वाचकाला ऑस्ट्रेलियाचा प्रश्न एका ओळीत कळेल, फक्त ती ओळ नीट लिहायला हवी.

'शोकदिन' शब्दाबद्दल एवढंच की तो तुमचा-माझा नाही, त्यांचाच आहे. १९३८ मध्ये त्या निशाणाला दीडशे वर्षं झाली म्हणून सिडनीत सरकारी थाटात सोहळा झाला. ताफा उतरल्याचा प्रसंग पुन्हा वठवून दाखवायचा होता. सिडनीतल्या आदिवासींनी त्यात उभं राहायला नकार दिला, तेव्हा दूर पश्चिमेकडच्या मेनिंडीहून माणसं आणली गेली. त्याच दिवशी विल्यम कूपर, जॅक पॅटन, विल्यम फर्ग्युसन आणि त्यांचे सहकारी सिडनीच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये जमले, 'डे ऑफ मोर्निंग' पाळला आणि बरोबरीच्या नागरिकत्वाचा ठराव केला. शोक पाळायला जमलेल्या माणसांनी हक्कांची मागणी लेखी मांडली. म्हणून 'शोकदिन' वाचून फक्त रडणारी माणसं डोळ्यांपुढे येऊ नयेत, याची काळजी लेखात घ्या. २६ जानेवारी १९७२ ला कॅनबेरात संसदेसमोरच्या हिरवळीवर आदिवासींचा तंबूतला दूतावास निषेध म्हणून उभा राहिला, तोही याच धाग्यातला.

आता 'इन्व्हेजन डे'. 'स्वारी' नको. आपल्या इतिहासातली स्वारी दसऱ्याला निघते आणि मोहीम संपली की परत येते. इथे आलेले परत गेले नाहीत. 'घुसखोरी'त चोरटेपणा आहे, आणि हे तर निशाण फडकवून झालं. 'अतिक्रमण' अर्थाने पुष्कळ जवळचा, कारण दुसऱ्याच्या जागेत बस्तान मांडणं हाच त्याचा गाभा. पण आज तो शब्द नगरपालिकेचा झाला आहे. 'अतिक्रमण दिन' म्हटलं की फुटपाथवरच्या टपऱ्या आणि त्या उचलणारी गाडी डोळ्यांसमोर येते, आणि विषय लहान होतो.

एक जुना शब्द मला फार मोलाचा वाटतो: परचक्र. 'परचक्र आलं' म्हणताना बोलणारा नेहमी सोसणाऱ्याच्या बाजूला उभा असतो. चढाई करून आलेला कधी म्हणत नाही की मी परचक्र घेऊन आलो. 'आक्रमण' दोघांनाही वापरता येतं, परचक्र फक्त ज्याच्यावर कोसळतं त्यालाच. आशयाने हाच शब्द सर्वांत नेमका. तरी मथळ्यात 'आक्रमण दिन'च ठेवा, कारण तो तरुण वाचकाला थांबायला लावत नाही. पहिल्या परिच्छेदात मात्र 'त्यांच्यासाठी हा परचक्राचा दिवस' असं एकदा येऊ द्या.

'सर्व्हायव्हल डे' हेही नाव तिथे रूढ आहे. त्याचं 'अस्तित्व दिन' हे भाषांतर मला निर्जीव वाटतं. सगळं सोसून आम्ही अजून आहोत, हा त्यातला भाव. मराठीत याला तगणं म्हणतात. 'आम्ही तगलो' हा दिवस, असं सरळ लिहा. हा दिवस साजरा करतात असं लिहिलं तरी चालेल, कारण इथे भाव अभिमानाचा आहे. 'मूलनिवासी' टाळा. आपल्याकडे त्या शब्दाला स्वतःचं राजकारण आहे. 'आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतले बेटवासी' हे लांबलं तरी खरं आहे.

तुमच्या लेखात एक वाक्य आहे की ही तारीख 'पूर्वापार चालत आलेली' आहे. पूर्वापार मराठीत फार वजनाचा शब्द आहे, इथे तो पेलत नाही. १८१८ मध्ये गव्हर्नर मॅक्वारी यांनी तिसावा वर्धापन दिन तीस तोफांच्या सलामीने केला, पण तो न्यू साउथ वेल्स या एका वसाहतीचा होता. सहा वसाहतींचा मिळून देश झाला तो १ जानेवारी १९०१ ला. १९१५ मध्ये युद्धनिधी जमवायला 'ऑस्ट्रेलिया डे' या नावाने दिवस झाला तो ३० जुलैला. पुढे २६ जानेवारी धरली तरी सुट्टी बहुधा सोमवारला जोडून घेत. सगळ्या राज्यांत सुट्टी नेमकी त्याच तारखेला, हे १९९४ पासूनचं. तेव्हा 'पूर्वापार' काढून 'गेल्या काही दशकांत रुळलेली' असं करा.

दुसरी बाजूही वाऱ्यावर सोडण्यासारखी नाही. ऑस्ट्रेलियन नागरिकत्व कायद्याने अस्तित्वात आलं ते २६ जानेवारी १९४९ ला. त्या दिवशी शपथ घेऊन नागरिक झालेल्यांत मराठी घरंही आहेत, आणि त्यांच्यासाठी तो खरोखर आनंदाचा दिवस आहे. म्हणूनच २०१७ मध्ये मेलबर्नच्या यारा आणि डॅरेबिन नगर परिषदांनी त्या दिवशीचे शपथविधी थांबवायचं ठरवलं, तेव्हा केंद्र सरकारने त्यांचा शपथविधीचा अधिकारच काढून घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये नियम सैल झाला आणि परिषदांना तीन दिवस अलीकडे-पलीकडे समारंभ घेता येऊ लागला. राष्ट्रीय दिनाची तारीख मात्र होती तिथेच आहे. पर्याय म्हणून १ जानेवारी सुचवतात, ९ मे सुचवतात, कारण १९०१ मध्ये त्या दिवशी पहिली संसद मेलबर्नला भरली. आणि काही आदिवासी कार्यकर्ते म्हणतात, तारीख कोणतीही घ्या, आधी आमच्याशी करार करा. त्यांच्यापुरतं 'तारीख बदला' हेही अपुरंच आहे.

माझं मत विचाराल तर तारीख बदलावी. देश आपला दिवस निवडू शकतो, हे आपण त्याच २६ जानेवारीला दाखवून दिलं आहे. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली होती. ती पूर्णपणे अमलात आणायला दोन महिने थांबलो ते १९३० च्या पूर्ण स्वराज्य दिनाची तारीख साधावी म्हणून.

तर ताई, सुरुवात अशी करून पाहा: '२६ जानेवारीला ऑस्ट्रेलियात बरेच जण ऑस्ट्रेलिया दिन साजरा करतात, आणि त्याच दिवशी इथले अनेक आदिवासी शोकदिन पाळतात. ऑस्ट्रेलिया दिन या तारखेला नको, अशी मागणी त्यातून आली आहे.' मसुद्यात दोन ठिकाणी 'दीन' झालं आहे, तिथे 'दिन' ऱ्हस्व करा. आणि 'राष्ट्रीय सण' ऐवजी 'राष्ट्रीय दिन' ठेवा. सण म्हटला की गोडधोड आलं, आणि तिथे तर त्यावरच वाद चालू आहे.