ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, मग नाताळची का नाही?

तुम्ही विचारलंय की नाताळ २५ डिसेंबर सोडत नाही, मग गुड फ्रायडे आणि ईस्टर कधी मार्चमध्ये, कधी एप्रिलअखेर असं का? थोडक्यात सांगायचं तर नाताळ सूर्याच्या हिशेबाने चालतो, ईस्टर चंद्राच्या. आम्ही वसईकर नवं कॅलेंडर हातात आलं की आधी ईस्टर बघतो. राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, त्याच्या ४६ दिवस आधी आणि लग्नाच्या तारखा उपवासकाळ टाळून धरायच्या, म्हणजे सगळं त्यावरच अडलेलं.

नियम असा : २१ मार्चला (चर्चने धरलेला विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तो) किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. पौर्णिमाच रविवारी आली तर त्याच्या पुढचा.

मेख अशी की ही पौर्णिमा आकाशातली नसते, चर्चच्या तक्त्यातली असते. २०१९ घ्या. २१ मार्चला पहाटे विषुवदिन झाला आणि काही तासांतच पौर्णिमा पूर्ण झाली. आपली धुळवड त्याच दिवशी होती. आकाशाकडे बघितलं तर ईस्टर २४ मार्चला हवा होता. पण तक्त्यात ती पौर्णिमा २० मार्चला पडत होती, म्हणजे एका दिवसाने बाद! मग पुढची धरली आणि ईस्टर गेला २१ एप्रिलवर. त्या वर्षी गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती एकाच दिवशी आले, १९ एप्रिलला. तक्त्याचा पाया १९ वर्षांचं चक्र आहे. त्यात २३५ चांद्रमास बसतात, म्हणजे १९ वर्षांचे बारा-बारा आणि वर सात. पंचांगातल्या अधिक महिन्यांचा हिशेबही साधारण हाच.

हा सगळा नियम ३२५ साली निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत लिहिला गेला, असं बरेच जण ठोकून देतात. तिथे ठरलं ते एवढंच की सगळ्यांनी एकाच रविवारी सण करायचा आणि त्यासाठी ज्यूंच्या पंचांगाकडे बघत बसायचं नाही. आकडेमोड इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची, ती रोममध्ये रुजवली डायोनिसियस या संन्याशाने, ५२५ च्या सुमारास. पुढे विषुवदिन सरकत सरकत ११ मार्चवर आला, तेव्हा पोप ग्रेगरी तेराव्यांनी १५८२ मध्ये दहा दिवस गाळले : ४ ऑक्टोबरनंतर थेट १५. रशिया, ग्रीसमधली ऑर्थोडॉक्स चर्चेस ईस्टरसाठी अजून जुन्याच हिशेबाने चालतात, म्हणून २०२४ मध्ये आपला ईस्टर ३१ मार्चला आणि त्यांचा ५ मेला.

आता नाताळ. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये नाही. रोममध्ये २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंद ३५४ सालच्या एका पंचांगात सापडते. रोमनांचा सूर्यसण चर्चने उचलला, असं तुम्ही वाचलं असेल. शक्य आहे, पण त्या सूर्यसणाची तारीखही त्याच पंचांगातून कळते, मग कोणी कोणाचं घेतलं हे छातीठोकपणे कसं सांगणार? मला दुसरा हिशेब जास्त पटतो. पश्चिमेकडच्या जुन्या ख्रिस्ती लेखकांनी येशूच्या मरणाचा दिवस २५ मार्च धरला होता. गर्भधारणाही त्याच तारखेची मानली की नऊ महिन्यांनी २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे काहींनी ६ एप्रिल धरला, त्यावरून ६ जानेवारी; आर्मेनियन चर्च आजही ख्रिस्तजन्म त्याच दिवशी साजरा करतं.

एक तारीख ठरली की तिच्या मागे बाकीच्या आल्या. लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे बाप्तिस्मा करणारा योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा, म्हणून त्याचा सण २४ जूनला. गोव्यात भर पावसात डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात, तो सांजाव हाच.