पाण्यातला पुदिना लावताय? आधी कुंडीचं बघा

वॉटर मिंट म्हणजे आपल्या चटणीच्या पुदिन्याचा युरोपातल्या ओढ्याकाठचा भाऊबंद. पेपरमिंट हा याचा आणि स्पिअरमिंट या दुसऱ्या पुदिन्याचा संकर, त्यामुळे वास ओळखीचा वाटेल, फक्त जरा उग्र.

थेट तळ्यात किंवा वाफ्यात लावू नका. मुळं आडवी धावतात. माझ्या टाकीत एकाच हंगामात यानं कमळाची जागा बळकावली, उपटून उपटून हात दुखले! कुंडीतच लावा आणि ती कुंडी पाण्यात ठेवा. मातीवर चार-पाच सेंटिमीटर पाणी पुरे. वर वाळूचा थर द्या, म्हणजे पाणी गढूळत नाही. शेणखत मात्र नको, शेवाळ माजतं.

रोप विकत कशाला घेता? कुणाकडून तरी वीतभर फांदी मागा, खालची पानं खुडून पेलाभर पाण्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं दिसतील. सकाळचं ऊन, एप्रिल-मेच्या दुपारी सावली. काड्या लांबुडक्या झाल्या तर उजेड कमी पडतोय. शेंडे खुडत राहा.

डासांसाठी दोन-चार गप्पी मासे सोडा. आणि साचलेल्या पाण्यातली पानं कच्ची खाऊ नका, चहात उकळू द्या.