पहिल्या उन्हाळी क्लिनिकआधी

अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये इंग्लंडात तुझं अ‍ॅक्युपंक्चरचं विद्यार्थी-क्लिनिक सुरू होतंय आणि तू दोन गोष्टी विचारल्यास. उन्हाळ्यात सगळ्यांनाच अग्नीच्या बिंदूंवर सुया द्यायच्या का? आणि ‘ऋतूला धरून राहा’ असं पेशंटला सांगायचं म्हणजे नेमकं काय सांगायचं? दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, त्यामुळे पत्र लांबणार.

आधी एक घोळ मिटवू, तो मराठी घरातून येणाऱ्यांचाच होतो. ‘पाच तत्त्वं’ म्हटलं की आपल्या डोक्यात पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश उभी राहतात. चिनी पाच म्हणजे काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू आणि जल. त्यात वायू नाही, आकाश नाही. मूळ शब्द ‘शिंग’, म्हणजे चालणं. वर्षभर चाललेल्या एका हालचालीचे हे टप्पे आहेत: वसंतात काष्ठ, उन्हाळ्यात अग्नी, उन्हाळा उतरताना पृथ्वी, शरदात धातू, हिवाळ्यात जल. त्यामुळे पंचमहाभूतांचा तक्ता शेजारी ठेवून जुळवाजुळव करायला जाऊ नकोस.

दुसरी सरमिसळ याहून नडते. आयुर्वेदाचा ग्रीष्म हा आदानकाळाचा, म्हणजे सूर्य बळ शोषून घेतो त्या काळाचा, शेवट. बळ सगळ्यांत कमी, म्हणून व्यायाम आवरता घ्या, दुपारी झोपलात तरी चालेल. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथाच्या पहिल्या भागाचा दुसरा अध्याय उघडलास तर उन्हाळा अगदी उलटा दिसतो. तिथे उन्हाळ्याचे तीन महिने बहराचे आहेत. उशिरा झोपा, लवकर उठा, उन्हाला कंटाळू नका, मनात राग साठवू नका, आतलं बाहेर पडू द्या, जणू आपलं आवडतं सगळं घराबाहेरच आहे. याच्या विरुद्ध वागलात तर हृदयाला इजा होते आणि शरदात तापाच्या पाळ्या येतात, असंही पुढे म्हटलंय. दोन शास्त्रं भांडतायत असं वाटेल, पण ती दोन वेगळ्या आभाळांखाली लिहिली गेली. उत्तर चीनमध्ये उष्मा आणि पाऊस हातात हात घालून येतात, म्हणून तिथला उन्हाळा हिरवा असतो. आपल्याकडे आधी कोरडी होरपळ आणि मग मृग. नियम पाठ करण्याआधी तो कुठल्या आभाळाचा आहे ते बघ. मला सांगायचंय ते मुख्यतः एवढंच, बाकी त्याचा तपशील.

चिनी पंचांगात उन्हाळा ५ मेच्या आसपास सुरू होतो, २१ जूनला मध्यावर येतो आणि ७ ऑगस्टच्या सुमारास संपतो. इंग्लंडात ५ मेला कित्येकदा अंगावर स्वेटर असतो. तारीख उलटली म्हणून अग्नीचे उपचार सुरू करू नकोस, नाडीत उन्हाळा उतरलाय का ते पाहा. उन्हाळ्याच्या नाडीला जुने लोक वाकड्या हुकाची उपमा देतात: येताना भरून येते, जाताना ओसरते. चार-पाच पेशंटांच्या नाड्या अशा लागल्या की ऋतू आला म्हणावं. नाडी बघण्याआधी पेशंटला दहा मिनिटं बसू दे. कडक उन्हातून चालत आलेल्या, वर जिना चढलेल्या माणसाची नाडी कुणाचीही भरलेलीच लागेल.

आता निदान. उन्हाळ्यात नवशिक्यांना सगळेच ‘अग्नी’ वाटतात, कारण इंग्रज माणूस ऊन पडलं की हसतो, बोलतो आणि लाल होतो. रंग बघायचा तो डोळ्यांच्या बाजूला, कानशिलाकडे जाताना. गालावरचा नि नाकावरचा लालपणा उन्हाचा असतो, तो मोजू नकोस. शिवाय ज्याचा सीएफ (मुळात बिघडलेलं तत्त्व) अग्नी आहे त्याच्यात पुष्कळदा लाली नसतेच, राखेसारखा फिका चेहरा असतो. त्याला आपण ‘लालीचा अभाव’ म्हणतो. वासासाठी खोलीत पाऊल टाकलेला पहिला क्षण आणि पाठीवरचं पांघरूण उचललेला क्षण, एवढ्या दोनच संधी. करपलेला, जास्त तापलेल्या इस्त्रीखालच्या कापडासारखा वास. सनस्क्रीन आणि अत्तर हा वास पूर्ण झाकून टाकतात, म्हणून अपॉइंटमेंट देतानाच ‘त्या दिवशी काही लावून येऊ नका’ असं सांगून ठेव. भावनेची परीक्षा खऱ्या आपुलकीने घ्यायची. पेशंटशी मोकळेपणाने बोल, त्याच्या आनंदाच्या गोष्टीवर रेंगाळ आणि मग थांब. सगळं कळतं ते थांबल्यावर. निरोगी हसू हळूहळू मावळतं. अग्नी बिघडलेल्याचं हसू एकदम विझतं, किंवा विझतच नाही.

आणि बहर नसलेला पेशंट आला तर लगेच अग्नीकडे धावू नकोस. काष्ठ ही अग्नीची आई. वसंतात जे ठरलं नाही ते जूनमध्ये फुलणार कुठून? जल अग्नीला आवरतं, त्यामुळे आत भीती बसलेली असेल तरी माणूस विझलेला दिसतो. जुलैत ‘मला काहीच करावंसं वाटत नाही’ म्हणणाऱ्यांतले कितीतरी जण काष्ठाचे निघतात.

पहिल्या उपचारात एई ड्रेन, म्हणजे आत साचलेली दूषित ऊर्जा काढून टाकणं, करशील तेव्हा उन्हाळ्याचा खास सापळा सांभाळ. पाठीच्या बिंदूंवर उथळ सुया ठेवून भोवती लाली उमटते का ते पाहायचं, हे तुला येतं. पण गरम खोलीत, घामेजलेल्या पाठीवर कुठेही सुई ठेवली तरी लाली येते. म्हणून त्याच पातळीवर, बिंदूपासून दूर, पडताळणीच्या सुया ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नकोस. दोन्हीकडे सारखीच लाली असेल तर ती त्वचेची. बिंदूभोवतीची लाली दाट असेल आणि टिकून राहिली, तर ती ओसरेपर्यंत सुया राहू देत. हृदयाच्या बिंदूला हात सगळ्यांत शेवटी. उन्हाने सोललेल्या पाठीवर हे करूच नकोस, आठवडाभर थांबलं तर काही बिघडत नाही.

आता ऋतूचे बिंदू. अग्नीकडे चार अधिकारी, म्हणजे एकेक काम सांभाळणारे अवयव, आहेत, बाकी प्रत्येक तत्त्वाकडे दोनच. हृदय हा सम्राट, लहान आतडं सार-असार निवडणारं, हृदयरक्षक दारावरचा पहारेकरी आणि ट्रिपल हीटर घरभर ऊब सारखी ठेवणारा. चौघांचे अग्निबिंदू असे (आकडा म्हणजे त्या वाहिनीवरचा बिंदूचा क्रम): हृदय ८, लहान आतडं ५, हृदयरक्षक ८, ट्रिपल हीटर ६. मूठ वळली की करंगळीचं टोक तळहातावर जिथे टेकतं तिथे हृदय ८, चौथ्या आणि पाचव्या हाडांच्या मध्ये. तळहात फार दुखरा असतो. पेशंटला आधी सांग, श्वास सोडताना पटकन दे. सुई पोचल्याची जाणीव झाली की घड्याळाच्या दिशेने अर्धा फेरा, काढ आणि भोक बोटाने दाबून बंद कर. डावी बाजू आधी. हे बळ देणं आहे, सुई ठेवून द्यायची नाही. वीस मिनिटं ठेवली की तू नेमकं उलटं काम केलंस.

अग्नी हाच सीएफ असेल त्याला हे बिंदू त्यांच्या तासात मिळाले तर सोन्याहून पिवळं; दिवसाचे दोन-दोन तास एकेका अधिकाऱ्याचे मानतात. पण तास सूर्याचे असतात, आणि इथे बहुतेक जण चुकतात. इंग्लंडचं उन्हाळी घड्याळ एक तास पुढे असतं. हृदयाचे ११ ते १ म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात १२ ते २, आणि लहान आतड्याचे २ ते ४. पेशंटला सव्वाला बोलाव, गप्पा नि नाडी आटोप, पावणेदोनला हृदय ८, दोन वाजून गेल्यावर लहान आतडं ५, पुन्हा नाडी. हृदयरक्षकाचा तास घड्याळात रात्री ८ ते १०, ट्रिपल हीटरचा १० ते १२. तेव्हा क्लिनिकला कुलूप असतं, म्हणून ते दोन बिंदू ऋतूत केव्हाही दिले तरी चालतात. इतर तत्त्वांच्या पेशंटना ऋतूचा उपचार हंगामात एकदा पुरे. अ‍ॅक्युपंक्चरचे इंग्रज शिक्षक जे. आर. वर्स्लींनी (१९२३–२००३) इंग्लंडात रुजवलेल्या या पंचतत्त्वांच्या परंपरेत थोड्या सुयांना मान आहे, हे गर्दीच्या दिवशीही विसरू नकोस.

पेशंटला काय सांगायचं? प्रत्येकाला एकच गोष्ट सांग, आणि तीही त्याच्या अधिकाऱ्याला बघून. ज्याचा हृदयरक्षक दुबळा आहे त्याला ‘लोकांत मिसळा’ म्हणणं म्हणजे पहारेकरी नसलेल्या घराची दारं उघडणं. तो तीन पार्ट्यांना जाईल आणि आठवडाभर अंथरुणात पडेल. त्याला म्हण, एका विश्वासाच्या माणसाबरोबर संध्याकाळी अर्धा तास बागेत बसा. लहान आतडं थकलेल्याला निमंत्रणांतली दोनच निवडायला लाव. अग्नी भडकलेल्याला उन्हातला आनंद नाही, विश्रांती हवी.

झोपेचं गणितही नीट मांड. जूनमध्ये इंग्लंडात पावणेपाचला उजाडतं आणि साडेनऊला सूर्य मावळतो. शब्दशः पाळलं तर सहा-सात तासही झोप मिळत नाही. रात्रीची तूट दुपारी भरून काढायची. चीनमध्ये माध्यान्हीच्या डुलकीची सवय जुनीच आहे. वीस-पंचवीस मिनिटं, जेवण हलकं, पडदे अर्धे.

खाण्यात कडू ही अग्नीची चव. चीनमध्येही उन्हाळ्यात कारलं खातात आणि मुगाचं पाणी पितात, म्हणजे तुला स्वयंपाकघर बदलायची गरज नाही. मूठभर मूग लिटरभर पाण्यात उकळून, वरचं पाणी कोमट किंवा साध्या तापमानाचं. बर्फ नको. पोटातली ऊब विझवलीस की ऑगस्टअखेर, पृथ्वीच्या दिवसांत, जडपणा आणि पातळ शौच घेऊन तोच पेशंट परत येतो. घाम हा हृदयाचा द्रव मानतात. थोडा येऊ द्यावा, ओल्या अंगाने पंख्यासमोर बसू नये, आणि घामाने निथळलेल्याला त्याच दिवशी सुया देऊ नयेत. उपाशीपोटी किंवा पाणी न पिता आलेला पेशंट टेबलावर चक्कर येऊन पडतो. आधी बिस्किट आणि पाणी, मग नाडी.

‘हृदय’ या अधिकाऱ्यामुळे छातीतल्या हृदयाकडे दुर्लक्ष होता कामा नये. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, हात जड झालाय, तर सुई खाली आणि ९९९ ला, तिथल्या तातडीच्या नंबरला, फोन. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडातल्या कोनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले, त्यामुळे उष्माघात हा आता फक्त आपल्याकडचा विषय राहिलेला नाही. अंग भाजतंय, बोलणं असंबद्ध होतंय, अशा वेळी कपडे सैल कर, पाण्याने अंग ओलं कर, वारा घाल आणि अँब्युलन्स बोलाव. तिथे हृदय ८ चं काही काम नाही.

मेमध्ये नागपूरला जाशील तेव्हा आई-बाबांना ‘उन्हाला कंटाळू नका’ हे वाक्य ऐकवू नकोस. पंचेचाळीस अंशांत तो सल्ला घातक आहे. तिथे पहाटे साडेपाच ते साडेसात हाच त्यांचा उन्हाळा, बाकी दिवस सावलीत, आणि ताक-पन्ह्याला नावं ठेवायची नाहीत. बहराचं वागणं मृगानंतर, पहिली हिरवळ दिसल्यावर. तासांचा हिशेबही वेगळा: नागपुरात सूर्याचे बारा घड्याळात सुमारे सव्वाबाराला वाजतात, मुंबईत बारा चाळीसला. बाबा ‘हे चिनी खूळ कशाला’ म्हणालेच, तर सोलापूरच्या डॉ. कोटणीसांची आठवण दे. १९३८ साली त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या पथकातल्या डॉ. बसूंनीच पुढे ही विद्या भारतात आणली.

पहिल्या दोन आठवड्यांच्या नाड्यांचे कागद पाठव. उपचाराआधीची आणि नंतरची, दोन्ही. वेळ लिहायला विसरू नकोस, आणि ती घड्याळाची की सूर्याची तेही लिही.

कळावे.