चार दिवसांचा हिशेब

प्रिय,

परवा फोनवर तू इतकी खुशीत होतीस की मध्ये बोलायला जीभ रेटली नाही. दिवाळीला पाच आठवडे नाशिकला राहून आलीस, आता मार्चपासून पाच महिने तिथूनच काम करायचं, मॅनेजर हो म्हणालाय, एचआरची मेलही आलीय. आईला सोबत होईल, इथलं भाडं वाचेल. सगळं पटतंय मला. तरी तिकीट काढायच्या आधी हे पत्र वाच.

स्किल्ड वर्कर व्हिसावर पाच वर्षं झाली की आपण आयएलआरचा, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा अर्ज करतो, हे तुला माहीत आहे. त्या पाच वर्षांतल्या कुठल्याही बारा महिन्यांत देशाबाहेर 180 पेक्षा जास्त दिवस गेलेले चालत नाहीत. सगळी मेख त्या ‘कुठल्याही’ शब्दात आहे. आपण जानेवारी ते डिसेंबर मोजतो. होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, तसं मोजत नाही. आजपासून मागे बारा महिने, उद्यापासून मागे बारा महिने, अशी ती खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते आणि पाच वर्षांत ती कुठेही उघडून पाहिली तरी आत 180 च्या वर आकडा दिसता कामा नये. तुझे दिवाळीचे 34 दिवस आणि पुढचे दीडशे मिळून 184 होतात.

हाच आकडा माझा होता, म्हणून एवढ्या कळकळीने लिहितेय.

मी मार्च 2018 मध्ये आले. त्याच वर्षी धाकट्या भावाचं लग्न ठरलं, म्हणून 10 नोव्हेंबरला निघाले आणि 5 जानेवारीला परतले. मधले पूर्ण दिवस 55. पुढे आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं ठरली. बाबा एकटे काय काय बघणार? 20 एप्रिल 2019 ला सांगलीला गेले आणि ऑफिसच्या परवानगीने तिथूनच काम करत राहिले. परतीचं तिकीट 10 ऑगस्टचं होतं. तसं झालं असतं तर दोन्ही फेऱ्या मिळून 166 दिवस भरले असते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा चढायला लागली. बाबा तासातासाला आयर्विन पुलाची पातळी विचारत होते. ती 57 फुटांच्या वर गेली. आईला, तिच्या वॉकरसकट, आम्ही शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर हलवलं. पाणी उतरल्यावर खालच्या खोल्यांत घोट्याच्या वर गाळ होता. फडताळातली भांडी एकेक करून धुतली, गाद्या टाकून दिल्या, भिंती फिनेलने पुसल्या. रस्ते तोवर सुरू झाले होते, पण तशा घरात आईला सोडून माझा पाय निघेना. 28 ऑगस्टला लंडनला उतरले. या फेरीचे 129 दिवस झाले. 55 आणि 129 म्हणजे 184. चार दिवस जास्त.

हे मला कळलं 2023 साली, अर्जाची तयारी करताना. कॅलेंडरप्रमाणे 2018 मध्ये माझे 51 दिवस होते आणि 2019 मध्ये 133, त्यामुळे मी निर्धास्त होते. वकीलबाईंनी दोन्ही फेऱ्या एकाखाली एक लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं. नैसर्गिक आपत्तीमुळे प्रवास अडला तर नियमात सवलत आहे. पण रद्द झालेल्या तिकिटाची मेलसुद्धा मी ठेवली नव्हती, आणि शेवटचे दिवस मी स्वतःहून राहिले होते. गुडघ्याचं ऑपरेशन जिवावरच्या आजारात बसत नाही. ऑफिसची परवानगी त्यांनी बाजूलाच सारली. त्या म्हणाल्या, काम कुठून करायचं ते कंपनी ठरवते, माणूस देशात होता की बाहेर एवढंच होम ऑफिस बघतं. अर्ज फेटाळला गेला तर फी बुडते, म्हणून पहिल्या फेरीचे सुरुवातीचे दिवस त्या पाच वर्षांच्या बाहेर पडेपर्यंत, नोव्हेंबरपर्यंत, थांबायचं ठरलं. मध्ये व्हिसा वाढवावा लागला, त्याची फी, वर माणशी वर्षाला 624 पौंडांचा हेल्थ सरचार्ज (आता तो 1,035 आहे). त्यातच 4 ऑक्टोबरला आयएलआरची फी 2,404 वरून 2,885 पौंड झाली. पैसे पुढे भरून निघाले. पण ते आठ महिने नोकरी जाईल की काय या धास्तीत मी रात्र रात्र जागी असायचे, कारण स्पॉन्सर, म्हणजे जिच्या नोकरीवर व्हिसा आहे ती कंपनी, गेला तर नवा शोधायला साधारण 60 दिवसच मिळतात.

गाळ काढायला थांबले याची खंत मला आजही नाही. दिवस मोजले नव्हते, याची आहे. मोजले असते तर भावाच्या लग्नाला चार दिवस उशिरा निघाले असते, बस.

म्हणून एक साधी वही कर. निघाल्याची तारीख, परतल्याची तारीख, कुठे गेलीस, कशासाठी, मधले पूर्ण दिवस किती, आणि शेवटच्या रकान्यात मागच्या बारा महिन्यांची बेरीज. जायचा आणि यायचा दिवस धरायचा नाही. इथे बऱ्याच जणांची गफलत होते. लंडनहून रात्री निघालीस की मुंबईचा शिक्का दुसऱ्या दिवसाचा पडतो. त्या शिक्क्यालाच जायचा दिवस समजून तो वगळलास तर दर फेरीत एक दिवस चुकतो. निघाल्याची तारीख म्हणजे ब्रिटन सोडल्याची. शुक्रवारी संध्याकाळी पॅरिसला जाऊन रविवारी परतलीस तर एकटा शनिवार मोजला जातो. डब्लिनही बाहेरच धर, जवळ आहे म्हणून आपण ते विसरतो. क्लायंटकडे ॲमस्टरडॅमला गेलेले दिवससुद्धा त्यातच. जुन्या तारखा आठवत नसतील तर होम ऑफिसकडून स्वतःच्या प्रवासाच्या नोंदी मागवता येतात, त्याला पैसे पडत नाहीत.

तुझा व्हिसा जुलैच्या मध्याला मंजूर झाला आणि तू सप्टेंबरअखेरीस आलीस. पाच वर्षं मंजुरीपासून धरलीस तर ते अडीच महिनेही गैरहजेरीत जातात. तुझ्या बाबतीत मी उतरल्या दिवसापासून मोजेन. पाच वर्षं भरायच्या 28 दिवस आधी अर्ज करता येतो, त्याहून आधी नको. आणि बिनपगारी रजा जपून घे. वर्षात चार आठवड्यांपेक्षा जास्त झाली तर बाळंतपण, आजारपण असे अपवाद सोडून कंपनीला स्पॉन्सरशिप काढून घ्यावी लागते.

बाळंतपणाचं निघालंच आहे तर आत्ताच सांगते, तुमचा विचार चाललाय म्हणून. सातव्या महिन्यात माहेरी जायचं आणि बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर यायचं, ही आपली रीत. त्यात सहा महिने सहज उलटतात. मॅटर्निटी रजा मंजूर असली तरी बाहेरचे दिवस मोजले जातातच. जोडीदार डिपेंडंट, म्हणजे तुझ्या व्हिसाच्या आधाराने इथे, असेल तर त्याचेही वेगळे मोजतात. माझ्या ओळखीत एकीला हे फार महागात पडलं. आईलाच इकडे बोलाव, व्हिजिटर व्हिसावर त्यांना सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. डिंकाचे लाडू इथेही होतात, डिंक साउथॉलला मिळतो.

आणि देव न करो, पण घरून तसा फोन आला तर वही बघत बसू नकोस. निघ. जवळच्या माणसाचं जिवावरचं दुखणं किंवा मृत्यू यासाठी नियमात जागा आहे. फक्त डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं तारखेसह पत्र, बदललेल्या तिकिटाची मेल, जे हाती येईल त्याचा त्याच दिवशी फोटो काढून ठेव. चार वर्षांनी ते कागद कुठल्याच हॉस्पिटलात सापडत नाहीत.

आयएलआरसाठी द्यावी लागणाऱ्या लाइफ इन द यूकेच्या परीक्षेची एवढी धास्ती घेऊ नकोस. 24 प्रश्न, 45 मिनिटं, 18 बरोबर आले की झालं. मे 2025 मध्ये सरकारने आयएलआरसाठी पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव मांडल्यापासून व्हॉट्सॲपवर रोज नवी घबराट असते. त्यातलं काही पुढे पाठवू नकोस, सरकारी संकेतस्थळावर लिहिलंय तेवढंच खरं मान. दिवस तर तेव्हाही मोजावेच लागतील.

मार्चचं जाणं रद्द कर असं मी म्हणत नाही. साडेतीन महिन्यांत परत ये, म्हणजे पुढे काही अचानक उद्भवलं तर हातात पाच-सहा आठवडे राहतील. आईंना हे कसं सांगायचं ते तुला अवघड जात असेल तर मी बोलते त्यांच्याशी. रविवारी सकाळी मी घरीच आहे. दिवाळीचे बोर्डिंग पास आणि पासपोर्ट घेऊन ये, वहीचं पहिलं पान दोघी मिळून भरू.

तुझी,
ताई