वाचकांचे प्रश्न : नवी खरेदी, जुन्या शंका

गेल्या अंकात आम्ही वाचकांना त्यांनी नुकत्याच घेतलेल्या फॅन्टसी आणि ‘वीअर्ड’ (विचित्र, अनाकलनीय भयाच्या) पुस्तकांविषयी लिहायला सांगितले होते. बहुतेक पत्रांत आनंदाने केलेल्या याद्या होत्या; ज्यांत खरेदीबरोबर एखादी अडचणही होती, अशी तीन पत्रे येथे निवडली आहेत.

प्रश्न : अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टच्या कथांचा एक जाडजूड खंड मी नुकताच घेतला. त्यातील ‘ॲट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’ ही दीर्घकथा मित्राच्या प्रतीशी ताडून पाहिली, तेव्हा परिच्छेद निराळ्या ठिकाणी तुटलेले दिसले आणि काही वाक्ये माझ्या प्रतीत सापडलीच नाहीत. माझी प्रत सदोष आहे का?

उत्तर : आपली प्रत छापताना बिघडली असण्यापेक्षा तिची संहिताच वेगळी असण्याचा संभव अधिक आहे. ही कथा १९३६ मध्ये ‘अस्टाउंडिंग स्टोरीज’ या मासिकात क्रमशः आली, तेव्हा संपादकांनी लेखकाचे लांबलचक परिच्छेद तोडून लहान केले आणि शेवटाकडचा बराच मजकूर गाळला. लव्हक्राफ्ट त्यावर भयंकर संतापला होता आणि त्याचा संताप रास्तच होता. ही कथा एका भूगर्भशास्त्रज्ञाने लिहिलेल्या निवेदनासारखी आहे. तपशिलांची संथ रास रचत जाऊन भीती लांबणीवर टाकणे हेच तिचे तंत्र आहे, आणि परिच्छेद चिरले की ती संथ लयच मोडते. १९३७ मध्ये लेखकाचे निधन झाले. त्याच्या कथा पुस्तकरूपात याव्यात म्हणून ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वॉन्ड्री यांनी १९३९ मध्ये ‘आर्कहॅम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली. परंतु तिच्या आरंभीच्या आवृत्त्यांतही पाठ, म्हणजे छापलेला मजकूर, पूर्णपणे शुद्ध नव्हता. मूळ हस्तलिखिते आणि टंकलिखिते तपासून पाठशुद्धीचे किचकट काम केले ते एस. टी. (सुनंद त्र्यंबक) जोशी यांनी, आणि त्यांच्या शुद्ध संहिता १९८०च्या दशकात प्रसिद्ध झाल्या.

म्हणून अशा लेखकाचा संग्रह घेताना मुखपृष्ठावरच्या राक्षसी शुंडांच्या चित्राला भुलण्यापूर्वी आतले प्रकाशनविषयक पान आणि संपादकाचे टिपण वाचावे. पाठ कोठून घेतला आहे याविषयी तेथे एक ओळही नसेल, तर तो खंड कितीही देखणा असला तरी आम्ही तो परत फळीवर ठेवतो. आपण घेतलेला खंड मात्र टाकून देऊ नका. पाठभेद सर्वच कथांत इतके मोठे नाहीत. ही एक कथा तेवढी मित्राच्या प्रतीतून वाचा.

प्रश्न : मी मुख्यतः फॅन्टसी वाचते. मैत्रिणीच्या आग्रहावरून यंदा अल्जर्नन ब्लॅकवुडचा कथासंग्रह आणि जेफ व्हॅन्डरमीअरची ‘ॲनायलेशन’ ही कादंबरी घेतली. दोन्ही वाचून झाल्यावर काहीच उलगडले नाही, अशी चुटपुट लागून राहिली. उणीव माझ्या वाचनात आहे का?

उत्तर : नाही. आपण फॅन्टसीकडून जे मागायला शिकलात, तेच येथे मागितलेत, एवढेच झाले. अर्सुला ल ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) मध्ये वस्तूचे खरे नाव ठाऊक असणाऱ्याची तिच्यावर सत्ता चालते; हा नियम एकदा कळला की त्या जगात आपण निर्धास्त वावरतो. वीअर्ड कथा बहुधा आपल्या ओळखीच्या जगात सुरू होते, त्यातला एखादा नियम मोडते आणि त्याच्या जागी दुसरा देत नाही. ब्लॅकवुडच्या ‘द विलोज’ (१९०७) मध्ये डॅन्यूब नदीवरील एका बेटावर दोन नाविक मुक्काम करतात आणि भोवतीची झाडे त्यांना हळूहळू परकी वाटू लागतात; तेथे नेमके काय होते, हे लेखक शेवटपर्यंत ठामपणे सांगत नाही. २०१४च्या ‘ॲनायलेशन’मध्ये तर एका मोहिमेवर गेलेल्या स्त्रियांना नावेसुद्धा नाहीत, केवळ त्यांचे व्यवसाय आहेत. आपल्या रसचर्चेच्या भाषेत बोलायचे, तर फॅन्टसी विस्मयाला तृप्तीपर्यंत नेते, आणि वीअर्ड कथा विस्मय व भय यांना एकत्र बांधून ती गाठ तशीच ठेवते. आपल्याला लागलेली चुटपुट हा त्या कथेचा परिणाम आहे, अपयश नव्हे.

तरीही एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. या कथा एका बैठकीत एकच वाचावी आणि पुस्तक मिटावे. सलग चार वाचल्या की चौथी यांत्रिक वाटू लागते. ॲन आणि जेफ व्हॅन्डरमीअर यांनी संपादित केलेल्या ‘द वीअर्ड’ (२०११) या संकलनात शंभरहून अधिक कथा आहेत. ते घेतलेत तर वर्षभर पुरवून वाचा. दोन्ही प्रकारांच्या मधला पूल हवा असेल, तर चायना मिएव्हिलची ‘पर्डिडो स्ट्रीट स्टेशन’ (२०००) घ्यावी. तिच्यात संपूर्ण रचलेले नगर आहे आणि त्या नगरात मावणार नाही असे भयही आहे. पहिली शंभर पाने जड जातात, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : मर्विन पीकच्या ‘गॉर्मेनगास्ट’ मालिकेतील तिन्ही कादंबऱ्यांचा एकत्रित खंड घेतला आहे. तिसरी वाचू नये, असे अनेकजण सांगतात. काय करावे?

उत्तर : वाचावी, पण लगेच नको. ‘टायटस ग्रोन’ (१९४६) आणि ‘गॉर्मेनगास्ट’ (१९५०) या दोन्ही गॉर्मेनगास्ट नावाच्या अवाढव्य गढीत घडतात. जादूचा एकही मंत्र नसताना त्या फॅन्टसीत गणल्या जातात, त्या गढीमुळेच. ‘टायटस अलोन’ (१९५९) लिहिताना पीक आजारी होता, आणि नायक गढी सोडून गेल्याने वाचकाला पोरके वाटते, हेही खरे. पण तीनच कादंबऱ्यांची मालिका त्याने योजलेलीच नव्हती. पुढच्या भागाची काही पाने त्याने लिहून ठेवली होती. तिसरीला मालिकेचा शेवट समजून वाचणारा म्हणूनच निराश होतो. प्रकाशकाच्या काटछाटीनंतर लँग्डन जोन्स यांनी हस्तलिखितावरून सिद्ध केलेला तिचा पाठ १९७० मध्ये आला. आपल्या खंडात तोच आहे का, एवढे आधी पाहून घ्या.