घरी सीआरपी तपासताय? आधी एवढं सांभाळा

ताई, आईंच्या तापासाठी सीआरपी (शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) मोजायचं किट आणलंत, चांगलं केलंत. पहिल्यांदा हात थरथरतो, दोन-तीनदा केलं की बसतो.

सगळा खेळ बोट टोचण्यात आहे. सध्या कोल्हापुरात सकाळी चांगलाच गारठा आहे, बोटं गार पडली की रक्त येत नाही. आईंचे हात कोमट पाण्याने साबण लावून धुवा, पूर्ण कोरडे करा, हात थोडा वेळ खाली सोडू द्या. मधलं बोट किंवा अनामिका घ्या, टोकाच्या मधोमध नको, कडेला टोचा. पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा घ्या. बोट पिळू मात्र नका, आकडा चुकतो.

नवीन माणसाच्या नेहमीच्या चुका:

- ताप चढताच तपासणं. सीआरपी वाढायला ६ ते ८ तास लागतात, टोक गाठायला साधारण २ दिवस.
- एकक न बघणं. लिटरमागे १२ मिलिग्रॅम म्हणजेच डेसिलिटरमागे १.२.
- सुई दुसऱ्यांदा वापरणं. अजिबात नको.

आकडा वाढला म्हणजे शरीरात कुठेतरी दाह आहे, इतकंच. जंतू की संधिवात, हे तो सांगत नाही. त्यामुळे घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या देऊ नका. आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा, डॉक्टरांना वही दाखवा.

आणि धाप, ग्लानी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर आकडा कितीही असो, थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठा.