परदेशी पाहुणी, प्रचाराची जीप आणि न भरलेला ‘सी फॉर्म’

प्रश्न असा: वाई तालुक्यातल्या एका ताई वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. दिवाळीनंतर युरोपातली एक बाई पर्यटक व्हिसावर अकरा रात्री तिथे राहिली. त्याच सुमारास नगरपालिकेच्या प्रचारात ती गळ्यात उपरणं घालून एका उमेदवाराच्या जीपवर उभी राहिली. फोटो गावभर फिरला, विरोधकांनी ‘ही कोण, कुठल्या व्हिसावर आली, उतरली कुणाकडे’ अशी तक्रार दिली. आता पोलीस ठाण्यातून ताईंना फोन येताहेत. तिचा व्हिसा रद्द होईल का, तिला अटक होईल का आणि आपण त्यात अडकू का, असं त्या विचारतात.

ताई, चार पानांच्या पत्रात तुम्ही तीन पानं त्या बाईवर खर्च केलीत. जीप कुणाची, उपरणं कुणी घातलं, कोण काय बोललं, सगळं आलंय. तुमच्या अंगाशी येणारी ओळ मात्र शेवटी, जाता जाता लिहिलीत: “ऑनलाइन नोंद करायची राहून गेली, पण पासपोर्टची झेरॉक्स घेतली होती.” बाकीचं पत्र नसतं तरी चाललं असतं.

पाचगणी, महाबळेश्वर, कास या बाजूने मला अशी पत्रं सारखी येतात. त्यांत राजकारण नसतं, एवढाच फरक. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. यालाच सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. परदेशी नागरिकांबद्दलचे १९३९ आणि १९४६चे जुने कायदे होते तेव्हाही हे होतं, आणि १ सप्टेंबर २०२५पासून त्यांच्या जागी आलेल्या ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट, २०२५’मध्येही आहे. हे फक्त हॉटेलवाल्यांना लागू, असं धरून चालू नका. ‘घरगुती आहे, बोर्ड लावलेला नाही’ हे तुम्ही मला लिहिलंत तसं पोलिसांना सांगू नका, त्याने काही साधणार नाही. जिल्ह्यात नोंदणी अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक, आणि काम बघते जिल्हा विशेष शाखा. तुमच्या कपाटातल्या झेरॉक्सचा त्यांना काय उपयोग?

तुमच्या वहीचा फोटोही पाहिला. ‘मॅडम – फॉरेन – वरची रूम – अॅडव्हान्स मिळाला.’ नाव नाही, पासपोर्ट नंबर नाही, येण्याजाण्याची तारीख नाही. त्याच्या वरच्या ओळीत दुधाचा हिशोब आहे. खोल्या भाड्याने देऊन चार पैसे मिळवायचे तर एक धड रजिस्टर ठेवायला काय हरकत होती?

असो. आता ही वही आहे तशीच राहू द्या. एक अक्षर वाढवू नका, पान फाडू नका, नवं रजिस्टर आणून मागच्या तारखा भरू नका. आणि ते ‘साहेबांचे कार्यकर्ते’ तुम्हाला पाचशेच्या स्टँपवर ‘बाई आमच्या घरी कौटुंबिक पाहुणी होती, पैसे घेतले नाहीत’ असं लिहून द्यायला सांगताहेत, त्याला साफ नकार द्या. स्टँपवर विक्रीची तारीख असते, विक्रेत्याच्या नोंदीतही ती असते, आणि अॅडव्हान्स तुम्ही यूपीआयवर घेतलाय. शिवाय पाहुणी फुकट राहिली म्हणून नोंदीतून सुटका होत नाही. आज तुमच्याकडून एक नोंद राहिली आहे. त्या कागदावर सही केलीत की खोटा पुरावा तयार केल्याचा वेगळा आणि याहून जड गुन्हा तुमच्या नावावर लागेल, आणि तो निस्तरायला साहेब येणार नाहीत.

करायचं ते असं. उद्याच साताऱ्याला एसपी ऑफिसात जा. ती कधी आली, कधी गेली, पैसे कसे दिले, नोंद का राहिली, हे सगळं खरं खरं एका पानात लिहा, पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. ‘सी फॉर्म’च्या सरकारी पोर्टलवर खोल्यांची नोंदणी करा, उशिरा का होईना फॉर्म भरा आणि त्यात तारखा खऱ्या टाका. उशीर त्याने पुसला जात नाही, पण चौकशी अंगावर आल्यावर सांगितलेलं आणि आपणहून सांगितलेलं यात कोर्ट फरक करतं. नव्या कायद्यात काही कसुरी शुल्क भरून मिटवण्याची सोयही आहे. तुमची त्यात बसेल का, हे कुठलं कलम लावलंय ते कागदावर दिसल्याशिवाय मी सांगणार नाही.

पोलिसांच्या फोनला घाबरू नका, टाळूही नका. लेखी नोटीस मागा आणि तिच्यावरचं कलम वाचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ असेल तर तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलंय. कलम ३५ असेल तर संशयित म्हणून, मग वकील सोबत न्या. ठरल्या वेळी हजर राहिलात तर अशा गुन्ह्यात सहसा अटकेची वेळ येत नाही. भाच्याने तुम्हाला सांगितलेली ‘पाच वर्षं’ कैदेची शिक्षा जुन्या कायद्यातली आहे. नव्यात पाच वर्षांची तरतूद पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्याला आहे.

आता त्या बाईचं. पर्यटक व्हिसा फिरायला आणि गाठीभेटींसाठी असतो, प्रचारासाठी नव्हे. अट मोडल्याचं ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बहुधा देश सोडायला सांगतात. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत बांगलादेशी अभिनेता फिरदौस अहमद पश्चिम बंगालमध्ये प्रचार करताना दिसला, तेव्हा केंद्रीय गृहमंत्रालयाने त्याचा व्हिसा रद्द करून त्याला परत पाठवलं आणि काळ्या यादीत टाकलं. उलट जादवपूर विद्यापीठातल्या एका पोलिश विद्यार्थ्याला मोर्चात गेल्यावरून देश सोडायची नोटीस निघाली, ती २०२०मध्ये कलकत्ता हायकोर्टाने रद्द केली. तुमची पाहुणी हौसेने जीपवर चढली की ठरवून, यावर बरंच अवलंबून राहील. व्हिसा रद्द करणं केंद्र सरकारचं काम आहे, तालुक्यातल्या कुणाचं नाही. तिला दाद मागायची असेल तर ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं, साताऱ्याचं काम तिथे चालतं. तो निर्णय तिने आणि तिच्या दूतावासाने घ्यावा. तुम्ही तिची वकिली करू नका.

मला काळजी वेगळीच आहे. गुन्हा दाखल होऊन तिच्यासोबत आरोपी क्रमांक दोन म्हणून तुमचं नाव आलं, तर ती मायदेशी निघून जाईल. मग तिला समन्स बजावलं गेलं नाही म्हणून खटला जागचा हलणार नाही, आणि तुम्ही मात्र दर तारखेला बाकावर बसून पुढची तारीख घेऊन घरी याल. अशी वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून म्हणतो, एसपी ऑफिसची फेरी उद्यावरून परवावर जाऊ देऊ नका.

भाच्याच्या फेसबुकवर तो जीपवरचा फोटो अजून आहे, असं दिसतं. तो डिलीट करू नको म्हणावं. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा, आणि त्याखाली रोज नवीन उत्तरं लिहिणं आजपासून बंद.